मी न विचारलेला प्रश्न

"आईंना जरा मागं वळायला सांग. ओढणीवरचं आरशाचं काम दिसू दे."

मॅडम मले मराठीत बोलल्या. माह्या याडीले, म्हणजे मायले, मराठी समजते. तरी सांगणं मलेच.

लॅपटॉपच्या पडद्यावर इंग्लंडची पोरं पाहून राह्यली होती. याडी वळली. पोहरादेवीजवळच्या आमच्या तांड्यावर, आमच्याच खोलीत. अंगात आरशाची कांचळी म्हणजे चोळी, खाली घेरदार फेटिया म्हणजे घागरा. लग्नात नाहीतर जत्रेत घालते. एरवी साधं लुगडं.

तिकडच्या विद्यापीठाले भारतीय समाज हा विषय मी घरून शिकवत होती. कागदावर नाव मॅडमचं. त्या मूळच्या पुण्याच्या, आता तिकडच्याच. तास मी घ्यायची, पेपर मी तपासायची. डोळे दुखत. मान दुखे. वाटे, जाऊ दे, शिकवून तर राह्यली.

त्या दिवशी मॅडम स्वतः तासाले आल्या. आधी म्हणाल्या होत्या, "आईंना पारंपरिक वेशात बसव. बोलतील पोरांशी." याडीले वाटलं, लेकीच्या कॉलेजानं पाहुणी म्हणून बोलावलं. ऊसतोडीनं भेगा पडलेल्या पायायले तिनं तेल लावलं. पाय तर दिसणारच नव्हते.

एका पोरीनं विचारलं, हे कपडे कोण शिवते? मी याडीले सांगायच्या आतच मॅडमनं इंग्रजीत उत्तर दिलं. या बायकांना लिहिता येत नाही, म्हणून त्या सुईनं बोलतात.

"काय म्हणून राह्यली बाई?" याडीनं विचारलं.

"तुह्यं कौतुक करून राह्यली."

मग मॅडम म्हणाल्या, "आता विचार, त्यांच्या घरात चोऱ्या कोण करायचं? आजोबा? गुन्हेगार जमात म्हणजे काय, ते पोरांना त्यांच्याच तोंडून कळू दे."

याडी खाली बसली. ओढणी तोंडावर ओढली.

"नाही विचारणार," मी म्हटलं.

"अगं, अभ्यासाचा प्रश्न आहे. मनाला लावून घेऊ नकोस."

मॅडमले सोडून मी सरळ पोरायशी इंग्रजीत बोलली. ही माही माय. हिच्यासारख्या जमातीयले जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा कायदा तुमच्या देशाच्या सरकारनं केला. त्याचा जाब हिले मागू नका. मले विचारा. मी तुमची शिक्षिका आहो.

मॅडमनं तास बंद केला.

याडीनं फेटियाची घडी घातली. आमच्या गोरमाटी बोलीत विचारलं, "ती बाई तुले रोजच अशी बोलते का?"

"हो." पहिल्यांदा खरं सांगितलं.

पुढच्या सत्रात मले बोलावलं नाही. आता कारंज्याच्या कॉलेजात तासिकेवर शिकवते. बसच्या धक्क्यानं अंग मोडून येते.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका परदेशी विद्यापीठाची विचारणा आली. मी कळवलं. विषय माह्या नावानं राहील. पहिला तास त्या कायद्यावर राहील. माह्या घरचं माणूस नमुना म्हणून उभं राहणार नाही.

अजून उत्तर नाही. नाही आलं तरी चालेल. यातला एक शब्दही मी खोडणार नाही.