शिकवलं तरच माफ

“काका, यावर सही करू नका,” साळवे मॅडम म्हणाल्या. पेन माझ्या हातात होतं. कागदावर लिहिलं होतं, की मॅडमनी वर्षभर मेकॅनिकल शाखेला शिकवलं. खाली प्राचार्यांचा शिक्का.

“का? शिक्का खोटा हाय का?”

“शिक्का खरा आहे. मजकूर खोटा आहे.”

कमिटीतले देशमुख शेठ चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

आधी कमिटीचं सांगतो. वाळूजला माझी टूल रूम आहे. तिथं डाय बनतात. डाय म्हणजे पोलादाचा साचा. प्रेसमध्ये बसवायचा, त्यावर पत्रा ठेवायचा, दाब दिला की पत्र्याला आकार येतो. मी चौथी शिकलो. मेंढरं सोडून शहरात आलो आणि हे काम हातानं शिकलो. त्याचा गर्व आहे, लपवत नाही. पण कारखान्यात येणारी डिग्रीवाली पोरं बघून वाटायचं, पोरं हुशार आहेत, यांना शिकवणारेच कालपरवा पास झालेले. म्हणून आम्ही काही कारखानदारांनी पैसे जमवून निधी केला, त्याचीच ही कमिटी. ज्याला पीएचडी करून इंजिनिअरिंग शिकवायचंय, त्याला कर्ज द्यायचं. नंतर त्यानं इथल्याच कॉलेजात शिकवायचं. एक वर्ष शिकवलं की पाचवा हिस्सा माफ. नाही शिकवलं तर परत करायचं.

साळवे मॅडम आमच्या पहिल्या. वडील वैजापूरच्या मार्केट यार्डात हमाल. पीएचडीच्या काळात घर याच कर्जावर चाललं. आणि आता माफी चालून आली तर बाई नको म्हणत होत्या.

“मग वर्षभर केलं काय?” मला खरंच कळेना.

“गावं फिरले. बारावीच्या मुलांच्या घरी जायचं, आमच्याकडं ॲडमिशन घ्या म्हणायचं. कॉलेजात प्रत्येकाला टार्गेट असतं. उरलेला वेळ तपासणीच्या फायलींत गेला. वर्गावर गेले असेन मोजके तास.”

“मॅडम, शिक्का आहे ना?” शेठ म्हणाले. “माफ होतंय तर होऊ द्या. तुमचे हप्ते वाचतील.”

“आणि पुढच्या वर्षी? पाच वर्षांत कर्ज फिटेल शेठ, शिकवायचं राहूनच जाईल. हा हिस्सा माझ्यावर राहू द्या.”

मी पेनला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. प्राचार्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं.

“सर, आमच्या मॅडमला वर्ग का देत नाय?”

“काका, वर्गात मुलं लागतात. मेकॅनिकलला येतंय कोण? ॲडमिशन झाल्या नाहीत तर शाखाच बंद होईल. मग मॅडम शिकवणार कुणाला, बाकांना?”

माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचाच जास्त राग आला.

“पोरं कुणीबी आणली तर चालतील का?”

“चालतील की.”

“मग मॅडमचं टार्गेट माझ्या नावावर करा. त्या शिकवतील, मी फिरतो.”

ते हसले. “ऊन लई असतं, काका.”

“मी उन्हात मेंढरं वळलीत.”

“मग ठरलं. मॅडमला वर्ग देतो.”

जून महिन्यात सिल्लोडला गेलो. अन्वरभाईंचं मक्याचं दुकान. पोरगी रुखसार बारावी सायन्स झालेली. मी मोटारीच्या पत्र्यापासून सुरुवात केली, इंजिनिअरला किती मान असतो तिथपर्यंत पोचलो. अन्वरभाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“चाचा, आप कितना पढे?”

“चौथी.”

“और कारखाना किसका?”

“माझाच.”

“फिर?”

एवढंच म्हणाले आणि गिऱ्हाइकाचं पोतं काट्यावर चढवायला लागले. चौथी म्हटल्यावर लोक माझी तारीफ करतात, सत्कार करतात. इथं तीच चौथी आडवी आली. उठून निघणार होतो.

“बाबा,” रुखसारनं विचारलं, “चौथी शिकून तुमचं काम कुठंच नाही अडलं?”

पोरीनं सरळ विचारलं, सरळ सांगणं भाग होतं. “अडतं की. पत्रा काटकोनात वाकवला आणि दाब काढला की तो जरासा परत उघडतो. त्याला स्प्रिंगबॅक म्हणतात. किती उघडेल ते मी अंदाजानं धरतो. डाय बनवतो, पत्रा मारून बघतो, डाय परत घासतो. पत्र्याचा लॉट बदलला की परत तेच. आमच्या मॅडम पत्र्याची पट्टी मशीनवर ओढून बघतात आणि पोलाद कापायच्या आधीच सांगतात, एवढा जास्त वाकवा.”

“बरोबर येतं?”

“एकदम नाय. पण माझ्यापेक्षा जवळ.”

“पट्टी ओढून त्यांना कसं कळतं?”

“ते मला माहीत असतं तर इथं आलो असतो का? त्यांनाच विचार.”

अन्वरभाई पोतं उतरवता उतरवता हसले.

रुखसार कॉलेजात आली. मॅडमशी बसून पट्टीचं सगळं समजून घेतलं आणि फॉर्म भरला कॉम्प्युटर शाखेचा. प्राचार्य म्हणाले, “काका, टार्गेट मेकॅनिकलचं होतं.” उन्हाळाभर फिरून मेकॅनिकलला मी आणलेली पोरं आली दोनच. पण प्राचार्य शब्दाला जागले. टाइमटेबलात मॅडमचं नाव रोज लागलं. आम्हीही नियम बदलला. नुसता शिक्का चालणार नाही, शिकवलेले तास दाखवायचे, खाली पोरांच्या सह्या.

त्या वर्षाचा हिस्सा माफ झाला. आधीच्या वर्षाचा मॅडम अजून पगारातून फेडतात. शेठ म्हणतात, आता सोडून द्या. त्या ऐकत नाहीत, मीही ऐकत नाही.

कर्ज देणं सोपं काम आहे. शिकवणाऱ्याला वर्गात उभं ठेवणं हे वेगळं काम, आणि ते दर उन्हाळ्याला नव्यानं करावं लागतं. यंदा प्राचार्यांनी मला टार्गेट वाढवून दिलंय.