ट्रॉलीतलं सासर

इन्चार्ज अक्कांचं अख्खं सासर औषधांच्या ट्रॉलीत मावायचं. गोकुळ रोडजवळच्या एका खासगी दवाखान्यात त्या अतिदक्षता विभागाच्या प्रमुख नर्स होत्या, आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला लागणाऱ्या प्रत्येक औषधाला त्यांनी एकेक नातं चिकटवलं होतं. गुंगी आणणारं मिडाझोलाम म्हणजे आजी, कारण ती थोपटून झोपवते. रक्तदाब उचलून धरणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन म्हणजे मामंजी. ते अचानक उठून गेले की घर बसतं, म्हणून त्यांची पुढची सिरिंज आधीच तयार ठेवायची. श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामोल म्हणजे धाकटे दीर. कामाचे, पण छातीत धडधड करून जाणारे.

आणि व्हेक्युरोनियम म्हणजे सासूबाई. हे औषध गेलं की पेशंटचा एक स्नायू हलत नाही, श्वाससुद्धा यंत्राच्या हवाली. पण झोप काही त्यानं येत नाही. "आजी आल्याबिगर सासूबाईंना आत घ्यायचं नाही, तंगी," अक्का बजावायच्या. "सगळं ऐकू येतंय, सगळं दुखतंय आणि बोट हलवायची सोय नाही. ते काय असतंय ते मी बारा वर्षं बघितलंय." त्यांच्या खऱ्या सासूबाई एकदा डबा घेऊन आल्या, तेव्हा आम्ही सगळ्याजणी जागच्या जागी उभ्या राहिलो.

कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्या मला तंगी म्हणायच्या आणि मी होते पक्की भित्री. लेबल चार वेळा वाचून औषध द्यायचे आणि मळमड्डीला घरी जाताना बसमध्ये पाचव्यांदा आठवत बसायचे. आपल्या हातून एक दिवस कुणीतरी जाणार, त्याआधी आपणच नोकरी सोडून गेलेलं बरं, असं रोज सकाळी ठरवून यायचे. पण अक्का बोलूच द्यायच्या नाहीत. "आधी मामंजींकडे बघून ये," म्हणायच्या.

त्या आठवड्यात आमच्या मळमड्डीच्याच एक निवृत्त मास्तरीणबाई न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर होत्या. वय ऐंशीच्या पुढे. सकाळी त्यांच्या पंपाचा अलार्म वाजला, गुंगीच्या औषधाची सिरिंज रिकामी होत आली होती. मी दारातूनच अक्कांना हाक मारली, "अक्का, आजी संपल्या."

हात धुता धुता अक्का म्हणाल्या, "संपू दे की. दुसरी भरून ठेवलीय."

दाराबाहेर बाईंचे चिरंजीव उभे होते, त्यांनी हे ऐकलं आणि लगेच घरी फोन लावला. वकील माणूस. पुढच्या अर्ध्या तासात दोन मावश्या रडत आल्या आणि तारिहाळच्या कारखान्यातून नातू हाताच्या ग्रीससकट हार घेऊन हजर झाला. बाई जिवंत आहेत हे मी त्यांना काचेतून दाखवलं, मॉनिटर दाखवला, छाती वरखाली होतेय ती दाखवली. वकीलसाहेबांचा जीव भांड्यात पडला, पण राग काही जाईना. आई गेल्याचं त्यांना जेवढं लागलं नव्हतं, तेवढं दुसरी भरून ठेवल्याचं लागलं होतं. हार शेवटी लिफ्टजवळच्या गणपतीला घातला.

लेखी तक्रार झाली. "नावं मी ठेवलीत, तंगीचा काय दोष," एवढंच अक्का अधीक्षकांना म्हणाल्या. यापुढे औषधाचं लेबलवरचंच नाव घ्यायचं, असा कागद फळ्यावर लागला.

दुसऱ्या दिवशी अधीक्षक राउंडला आले असतानाच मास्तरीणबाईंच्या घशात घातलेली श्वासाची नळी चिकट कफानं तुंबली. नळी बदलायची ठरली. बाई किती जाग्या होतात ते बघण्यासाठी सकाळपासून त्यांची गुंगी थांबवली होती, त्यामुळे त्या टक्क जाग्या होत्या आणि माझ्याकडेच बघत होत्या. ट्रेमध्ये दोन सिरिंजा. डॉक्टर म्हणाले, "चला, द्या." मी एक उचलली.

"सा..." एवढंच अक्कांच्या तोंडून निघालं. अधीक्षकांनी वळून बघितलं. इतकी वर्षं सासूबाई म्हटल्यावर ऐन वेळी खरं नाव जिभेवर येईना. अक्कांनी एका हातानं माझं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं खुर्चीवरची हिरवी चादर ओढून पदर घ्यावा तशी कपाळापर्यंत घेतली आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या.

मी लेबल वाचलं. व्हेक्युरोनियम. ती सिरिंज खाली ठेवली, दुसरी उचलली. बाईंचे डोळे मिटले, मग सासूबाईंना आत घेतलं. नळी बदलली.

"अक्का, हे काय?" अधीक्षकांनी विचारलं.

"एसी लागतोय, सर."

त्यानंतर मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले आणि नोकरी सोडते म्हणाले. अक्का म्हणाल्या, "सोड की. पण ते लेबल आधी मोठ्यानं वाच." दहा वेळा वाचून घेतलं. बाहेरच्या आयाबाईंना वाटलं, आत स्तोत्र चाललंय. मास्तरीणबाई पुढच्या आठवड्यात उठून बसल्या आणि माझ्या मराठीतल्या दोन चुका काढून घरी गेल्या. मी काही सोडून गेले नाही.

मागच्या उन्हाळ्यात अक्का निवृत्त झाल्या. शिरशीला मुलीकडे राहायला जाणार होत्या. शेवटच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि कमरेची किल्ली काढली. ज्या कपाटातल्या औषधांचा थेंब न् थेंब लिहून ठेवावा लागतो, त्या कपाटाची. मी हात मागे घेतला.

"अजून भीती वाटते की काय?" त्यांनी विचारलं.

"वाटते."

"मग घे," अक्का म्हणाल्या, आणि किल्ली माझ्या हातात ठेवून शिरशीची बस गाठायला निघाल्या.