आईनं माझे एकपेशीय जीव कढीपत्त्याला घातले

मंडळी, आज सकाळी पाली गावात आमच्या घरी एक घोटाळा झाला.

मी एकपेशीय जीवांवर संशोधन करते. हे जीव आपल्या आवरणाखाली इवल्याशा पिशव्यांत प्रथिनं साठवतात आणि इशारा मिळाला की एका झटक्यात बाहेर सोडतात. उद्या गावच्या शाळेत दाखवायला त्यांची बाटली आणली होती.

आई दूध सोसायटीत दूध घालून आली. बाटलीत गढूळ पाणी दिसलं. टँकरवर चाललेल्या गावात पाणी कुणी फेकत नाही, म्हणून तिनं ते कढीपत्त्याला घातलं.

माझं तोंड एवढंसं झालं. मी तिला ते जीव, त्यांच्या पिशव्या, सगळं सांगितलं.

"रडू नगं बाई. तळाला थोडं हाय की अजून. वाढतील का त्यातून?"

मी होकारार्थी मान डोलावली.

तिनं पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेल्या रांजणातलं पाणी बाटलीत ओतलं. त्या पाण्याला आमचे बाबासुद्धा हात लावत नाहीत.

पेशी साठा नेमका कशानं सोडते, हे मी अजून शोधतेय. आईला तिचा साठा सोडायला माझं उतरलेलं तोंड पुरलं. तुमच्या घरी काय पुरतं?