मिस वेरांच्या गिटारच्या तारा मी बदलल्या

गेल्या रविवारी दुपारी मिस वेरांचा शेवटचा कार्यक्रम झाला. इथे ओहायोत, डब्लिनजवळच्या एका छोट्या कम्युनिटी हॉलमध्ये... नव्वद खुर्च्या मीच मांडल्या होत्या आणि सवयीप्रमाणे दोनदा मोजल्या होत्या.

मिस वेरा (इथे सगळेच त्यांना आदराने 'मिस' म्हणतात) स्वतः गाणी लिहितात आणि गिटारवर गातात. इकडच्या डोंगराळ भागातल्या लोकगीतांच्या वळणाची गाणी. वय शहात्तर. तरुणपणी दोन रेकॉर्ड निघाल्या, मग ती कंपनीच बंद पडली. त्यानंतर आठवडाभर स्कूल बस चालवायची आणि शनिवार-रविवार चर्च, लायब्ररी, खाणकामगारांचे हॉल... जिथे बोलावतील तिथे गायचं. अशी पन्नास वर्षं.

माझ्याबद्दल थोडं. मी बायकोच्या व्हिसावर इथे आलोय, त्यामुळे नोकरी करता येत नाही. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षातच सुटलं. घरी बसून काळजी करण्यापेक्षा या हॉलवर व्हॉलंटिअर म्हणून जातो.

शनिवारी साउंड चेक झाल्यावर मिस वेरांनी गिटार माझ्याकडे दिली. "उद्यापर्यंत सांभाळ हिला," एवढंच म्हणाल्या.

आमच्या मिरजेत काका तंबोरे बनवायचे. एखाद्या गवयाने कार्यक्रमाआधी तंबोरा त्यांच्याकडे ठेवायला दिला की त्याला न विचारताच तारा बदलून द्यायच्या, अशी त्यांची रीत. त्याला ते आदर म्हणायचे... मी गिटार पाहिली. तारा काळवंडलेल्या, एका तारेचे तर धागे सुटल्यासारखे दिसत होते. हॉलच्या कपाटात नवा कोरा सेट होता. मी जुन्या तारा कापून काढल्या, नव्या चढवल्या, हाताने ताणून ताणून सुरात बसवल्या आणि खूश होऊन घरी गेलो.

रविवारी कार्यक्रमाला तास उरला असताना मिस वेरांनी गिटार मांडीवर घेतली. डाव्या हाताची बोटं तारांवर दाबली आणि लगेच उचलली.

"हे कुणी केलं?"

"मी. जुन्या खराब झाल्या होत्या, म्हणून..."

"खराब नव्हत्या रे. मऊ होत्या. आतून रेशीम असतं त्यांना. माझे सांधे धरल्यापासून मी त्यांच्यावरच वाजवतेय."

मी घातल्या होत्या त्या साध्या, कडक, स्टीलच्या. जुन्यांचे तुकडे कचऱ्यात गेले होते. हॉल सांभाळणाऱ्या डेबने तीन दुकानांत फोन केले, तसल्या तारा कुणाकडेच नव्हत्या. दुसरी गिटार आणली असती तरी तिच्यावरही स्टीलच्याच तारा.

"पन्नास वर्षांत माझ्या नवऱ्याचीसुद्धा हिला हात लावायची हिंमत झाली नाही," मिस वेरा म्हणाल्या, "आणि तो बॉक्सर होता."

डेब हसली. मला हसता येईना... मिस वेरांनी पुन्हा बोटं दाबून पाहिली. टोकं पांढरी पडली होती. "दोन गाणी निघतील. चौदा नाही निघणार. तुला वाजवता येतं?"

"नाही. तंबोरा छेडता येतो फक्त."

"ते काय असतं?"

मी गिटार घेतली. तीन तारांचा सूर उतरवला, एकीचा चढवला. सगळ्या मिळून सा आणि प झाले. मग बोटं कुठेही न दाबता एकेक मोकळी तार छेडत राहिलो. मिस वेरा बराच वेळ ऐकत होत्या. मग हळू आवाजात त्यांनी स्वतःचंच एक गाणं त्यावर धरलं... आणि ते बसलं.

स्टेजवर मी त्यांच्या मागे बसलो होतो. तारा नव्या, त्यामुळे सारख्या उतरत होत्या. दर गाण्यानंतर खुंट्या पिळायच्या, घाम पुसायचा. पहिल्याच गाण्याआधी मिस वेरा लोकांना म्हणाल्या, "आज माझ्या हातांना सुट्टी आहे." बाकी काही नाही. माझ्याबद्दल तर अक्षरही नाही.

चौदापैकी आठच गाणी झाली. उरलेली एका सुरावर उभी राहणारी नव्हती. पहिल्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवरचं एक गाणं मागितलं. त्यासाठी ते इंडियानाहून आले होते. मिस वेरा म्हणाल्या, "त्याला माझी बोटं लागतात, हनी." ते मान हलवून खाली बसले... ती मान माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

निघताना मी सॉरी म्हणालो. कितव्यांदा, ते मोजलं नाही. "पुढच्या वेळी आधी विचार," त्या म्हणाल्या. त्यांची पुढची वेळ नव्हती, ते दोघांनाही माहीत होतं. त्यांनी हात पुढे केला. मी तो अगदी अलगद धरला, तर म्हणाल्या, "नीट धर. मोडत नाही."

हे सगळं माझ्याजवळच ठेवणार होतो. पण काल हॉलच्या फेसबुक ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की म्हातारीचे हात गेले, तिने आधीच थांबायला हवं होतं. खाली पंधरावीस जणांनी हळहळ व्यक्त केली होती. मिस वेरांनी ते वाचलं असेल, तरी उत्तर दिलेलं नाही.

म्हणून तिथे इंग्रजीत लिहिलं. चार वेळा तपासून. बायको म्हणाली, "अरे, असं सगळ्यांसमोर लिहिलंस तर डेब तुला पुन्हा बोलावणार नाही." नाही बोलावलं तर नाही... आणि तुम्हा मित्रांना माझ्याच भाषेत सांगावंसं वाटलं, म्हणून इथेही लिहितोय.

शनिवारच्या साउंड चेकला मी ऐकलंय. रिकाम्या नव्वद खुर्च्यांसमोर मिस वेरांनी ते इंडियानावाल्यांचं गाणं पूर्ण वाजवलं होतं, एकही सूर न चुकता. त्यांचे हात गेलेले नाहीत. तारा मी बदलल्या होत्या.