पारदर्शक पिशवी

ओजिमा या जपानी वस्तीत आमच्या शेजारी एक तरुण चित्रकार राहायची. तिच्या देशात चित्रांसाठी तुरुंगात टाकत, पोलीस घरचा कचराही तपासत. म्हणून ती पळून आली होती. इथे कचऱ्याची पिशवी पारदर्शक लागते. चित्र पूर्ण झालं की ती त्याचे नखाएवढे तुकडे करून पिशवीत टाकायची.

"इथे कोणी बघत नाही गं," मी म्हणाले.

"तिकडेही असंच सांगायचे, ताई."

पुढे ती आजारी पडली. एका गुरुवारी तिच्या पिशवीत अख्खं चित्र दिसलं, बाहेर तोंड केलेलं. माणसांनी भरलेला तिच्या गावचा चौक.

"माझं पहिलं प्रदर्शन," ती हसली.

कचऱ्याची गाडी येईपर्यंत आम्ही तिथेच उभ्या होतो. शाळेला निघालेली एक मुलगी थांबून बघून गेली.

महिन्याभराने त्याच आजारात ती गेली. ते चित्र पिशवीतून काढून घ्यायला हवं होतं, असं मला अजूनही वाटत नाही.