गळ्यापर्यंत हौदात

संध्याकाळची दुधाची गाडी बंद झाली त्या उन्हाळ्यात मी अख्ख्या वस्तीशी भांडले, आणि मला त्याचा अजूनही पश्चात्ताप नाही. आमची वस्ती राहात्यापासून थोडी आत. घरी दोन गायी. सकाळचं दूध केंद्रावर जायचं, पण संध्याकाळचं रात्रभर घरीच ठेवावं लागे आणि सकाळपर्यंत नासून जाई. आठवडाभर हे पाहून सासऱ्यांनी निकाल दिला, "येत्या बाजारी धाकटी गाय लोणीला विकायला न्यायची." धाकटी म्हणजे माझ्या माहेराहून कालवड म्हणून आलेली, माझ्या हातची वाढलेली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

नवऱ्यानं आधी फ्रीजचा प्रयोग केला. कप्पे काढून कॅन आत कोंबला. झोपायच्या आधी बघितलं तर दूध अजून धारोष्णच, आणि शेजारी ठेवलेलं इडलीचं पीठ मात्र फुगून भांड्याबाहेर आलेलं. मला राग आला तो स्वतःचाच. लेकराचं दूध निववायला आपण वाटी काय पंख्याखाली ठेवतो? परातीत पाणी घेतो आणि वाटी त्यात ठेवतो. हवा ऊब सावकाश नेते, पाणी भराभर ओढून घेतं. फ्रीजमध्ये झाली तरी शेवटी हवाच. दोन लेकरं वाढवलेल्या बाईला हे कळायला एवढं दूध नासावं लागलं!

दुसऱ्या दिवसापासून धार काढली की कॅन गोठ्यामागच्या हौदात, गळ्यापर्यंत. वरून ओलं बारदान. मधूनमधून स्वच्छ डावानं दूध हलवायचं, नाहीतर कडेचं निवतं आणि मधलं तसंच गरम राहतं. थोड्या वेळानं हौदातलं पाणी हाताला कोमट लागायचं. दुधातली ऊब तिथं जाऊन बसलेली असायची. मग ते पाणी झाडांना घालायचं आणि बोअरचं ताजं भरायचं. सकाळी दूध चांगलं निघायला लागलं.

पण शेजारच्या चुलत जावेनं मला हौदाशी पाहिलं. कॅनचं झाकण उघडं आणि माझ्या हातात पाण्याची बादली. तिला एवढं पुरलं. दूधवाल्या घरात पाण्याजवळ दिसलेली बाई म्हणजे चोरच, मग खरं काय ते विचारतो कोण? दोन दिवसांत वस्तीभर झालं.

नेमकं बाजाराच्या दिवशी सकाळी केंद्रवाल्यानं माझा कॅन बाजूला सारला. "वहिनी, तुमच्या दुधात पानी हाय म्हणत्यात. आमी घेणार न्हाई."

रांगेत दहा-बारा जणं, त्यात ती जाऊही. घरी गायीसाठी टेम्पो येणार होता. दूध परत गेलं असतं तर गाय गेलीच.

"म्हणत्यात कशाला? मोजा," मी म्हणाले.

त्यानं दुधाचा दाटपणा मोजणारा लॅक्टोमीटर सोडला. पाणी असतं तर तो खाली बुडाला असता. माझ्या दुधात तो सगळ्यांपेक्षा वर तरंगला. केंद्रवाल्यानं रेघ पुन्हा वाचली, पण जाऊबाई कशाच्या गप्प बसतात! "मग पावडर घातली आसंल!"

मला हसूच फुटलं. "आदी पानी, आता पावडर. एक काय ते ठरवा."

बोलले खरी, पण पावडर नाही हे दाखवायचं कसं? मी तिच्या कॅनला हात लावला. आत्ताच काढलेलं दूध, कॅन गरम. माझा रात्रभर हौदात निवलेला, गार. फरक तेवढाच होता. म्हणजे गार दूध जड भरत असणार. खात्री नव्हती, तरी मी बोलून गेले, "माझं दूध हिच्याइतकं गरम करा आन् मग मोजा."

भांडी धुवायला ठेवलेल्या कढत पाण्यात त्यानं माझ्या दुधाचं माप धरलं. रांग कुरकुरत होती, तरी जागचं कुणी हललं नाही. गरम झालेल्या दुधात त्यानं पुन्हा लॅक्टोमीटर सोडला. तो हळूहळू खाली आला आणि बाकीच्यांच्या दुधात थांबला होता त्याच रेघेवर थांबला.

"चुकलं वहिनी. जाऊ द्या."

"जाऊ कशाला द्यायचं? चोर म्हणताना समदी मोठ्यानं म्हणत हुती. तुमी बी मोठ्यानं म्हणा."

त्यानं मोठ्यानं म्हटलं. जाऊ मान खाली घालून आपला कॅन पुसत बसली.

घरी आले तर टेम्पो दारात उभा, आणि सासऱ्यांच्या हातात गायीचं दावं. मी रिकामा कॅन त्यांच्या पायाशी ठेवला.

"समदं दूध घेतलं, मामा. गाय जायची न्हाई."

"टेम्पो आलाय. त्याला काय सांगू?"

"सांगा, सून न्हाई म्हणती."

असलं वाक्य त्या माणसानं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर हलवली नाही. शेवटी ते टेम्पोवाल्याकडे वळले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "सून न्हाई म्हणती."