रमला आम्ही दारू म्हणत नव्हतो

"ह्यांना वेड लागलेलं नाही, बाई. रोजची दारू एकदम तुटली आहे," सांगलीच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्यांच्यावरच उखडले. "आमच्या घरात दारूचा थेंब येत न्हाई."

मी खोटं बोलत नव्हते. पलूसजवळच्या आमच्या गावात दारू म्हणजे ओढ्याकाठची हातभट्टी. माझे मालक फौजेतून सुभेदार होऊन आलेले. ते दर महिन्याला साताऱ्याच्या मिलिटरी कँटीनमधून रम आणायचे. थंडीला, गुडघ्याला, झोपेला म्हणून घ्यायचे. शेती मुलांकडे गेली, करायला काही उरलं नाही, तशी ती दुपारीही लागू लागली. तोल जायचा, तर आम्ही म्हणायचो, वय झालं.

असेच अंगणात पडले आणि मांडीचं हाड मोडलं. भरती करताना डॉक्टरांनी दारूचं विचारलं, तर दिरांनी छाती काढून 'न्हाई' सांगितलं. ऑपरेशननंतर हे थरथरायला लागले. चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचायचे, भिंतीला हुकूम सोडायचे. मला ओळखेनात.

ह्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दारू अचानक थांबली की मेंदू बिथरतो, कापरं भरतं, भास होतात. माणूस दगावूही शकतो. "आधी कळलं असतं तर आम्ही तयारीत राहिलो असतो," मी रमचं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले. "रमसुद्धा दारूच. म्हातारं शरीर तर थोडीही पेलत नाही."

दीर पिशवीतून बाटली घेऊन आले, घोटभर पाजू म्हणाले. मी ती मोरीत ओतली. औषधं, सलाईन डॉक्टरांनीच दिली. हे भानावर आले त्या सकाळी मी व्हरांड्यात बसून पोटभर रडले.

बायांनो, तुमच्या घरातला म्हातारा 'औषध' म्हणून घेत असेल, तर डॉक्टरांना सांगा. लाजू नका. आणि घरच्या घरी एकदम तोडूही नका.

हे काठी टेकत घरी आल्यावर फौजेतले दोस्त रम घेऊन हजर. "वहिनी, आता ह्या वयात कशाला आडवता? राह्यलंय किती?"

ह्यांचा हात पेल्याकडे निघालाच होता. माझं डोकं फिरलं.

"थोडं राह्यलंय म्हनूनच आडवते. उमेदीची वर्सं समदी तुमच्या फौजेला दिली. आता जे काय राह्यलंय ते माजं हाय."

ह्यांनी पेला लांब सारला.

"चहा टाक गं," म्हणाले, "समद्यांनाच."